गावाचं नाव काय ठेवू?

पत्र:

ताई, मी मूळची इचलकरंजीची. घरामागच्या शेडमध्ये वडिलांचे चार माग होते, त्या खडखडाटातच माझी दहावी-बारावी झाली. लग्नानंतर इंग्लंडला आले. गेली अकरा वर्षं उत्तरेकडे, बर्नलीजवळच्या एका लहान गावात राहते. इथंही एकेकाळी मागच माग होते. आता गिरण्यांचे फ्लॅट झालेत, नाहीतर गालिच्यांची गोदामं. दोन वर्षांपासून मराठीत कादंबरी लिहितेय. नायिका डॉक्टरची बायको. वीस वर्षांच्या संसारानंतर ती घर सोडते आणि त्याच गावात, नवऱ्याच्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून, शिवणकामाचं दुकान टाकते. अडलंय ते गावाच्या नावावर. खरं नाव घातलं तर इथली पंधरा-वीस मराठी कुटुंबं पानापानावर बोट ठेवत बसतील. खोटं घातलं तर मलाच ते पुठ्ठ्याचं वाटतं. नवरा म्हणतो, 'मँचेस्टर लिही, सगळ्यांना माहीत असतं.' एक मैत्रीण म्हणते, कोल्हापूरच्या वाचकाला बर्नली काय आणि बिर्नली काय, सारखंच. सासूबाई सहा महिने राहून गेल्या, त्यांनी तर इथल्या गल्ल्यांना आपलीच नावं पाडली होती. त्यावरून आम्ही अजून हसतो. पण कादंबरीत असं चालत नाही ना? खरं गाव घेऊ की मनातलं?

– मागवाल्याची मुलगी

उत्तर:

मागवाल्याच्या मुली, नमस्कार.

आधी एक गोष्ट उरकून टाकते. यजमानांचं ऐकू नका. मँचेस्टर लिहिलंत तर वाचकाच्या डोळ्यांपुढे फुटबॉलचं मैदान येईल, माग यायचे नाहीत. शिवाय ते इतिहासालाही धरून होणार नाही. लँकेशायरच्या कापडधंद्यात कामांची वाटणी होती. ओल्डहॅम-बोल्टनकडे सूत कातायचं, बर्नली-नेल्सन-ब्लॅकबर्नकडे ते विणायचं आणि मँचेस्टरात बसून त्याचे सौदे करायचे. विणकरांच्या गावाची कादंबरी मँचेस्टरात बसवणं म्हणजे इचलकरंजीची गोष्ट मूळजी जेठा मार्केटात बसवण्यासारखं आहे. इचलकरंजीला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणायची आपल्याकडे सवय आहे, त्यातून यजमानांना हे सुचलं असेल. धंदा बघितला तर तिला महाराष्ट्राची बर्नली म्हणायला हवं होतं. पण बर्नलीला विचारतो कोण!

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कोल्हापूरचा वाचक नकाशा उघडून बसणार नाही. पण लिहिणारी बाई नेमकी कुठं उभी आहे हे तिला स्वतःला ठाऊक आहे की नाही, याचा वास त्याला तिसऱ्या पानावर लागतो. गिरगावात 'बटाट्याची चाळ' शोधायला कोणी गेलं नाही, तरी त्या चाळीचा जिना आपण चढून आलोय असं प्रत्येकाला वाटतं. त्या वाटण्याला लेखकाचा जिना पाठ असावा लागतो.

माझी फजिती सांगते. मी नऊ वर्षं हडर्सफील्डला काढली. तिथं असताना दिवाळी अंकासाठी पहिली कथा लिहिली, ती शेजारच्या हॅलिफॅक्समध्ये घडवली. खरं गाव, खऱ्या रस्त्यांची नावं, जराही तडजोड नाही अशी तेव्हा माझी ऐट होती. तिथला पीस हॉल तुम्ही पाहिला असेल. 'पीस' म्हणजे कापडाचा तागा, तेव्हा सरळ तागेबाजारच म्हणा. 1 जानेवारी 1779 ला तो उघडला. मधोमध मोठं पटांगण, चारी बाजूंनी दगडी खांबांच्या ओवऱ्या आणि त्यांत तीनशेच्या वर लहान खोल्या. घरी हातमागावर विणलेले लोकरीचे तागे आजूबाजूच्या डोंगरातले लोक तिथं आणून विकायचे. हे सगळं मी वाचून, मोजून, पडताळून लिहिलं. आणि शेवटी नायिकेला बाकावर बसवून बीकन हिलमागे मावळणारा सूर्य दाखवला. महिन्याभरात एक पोस्टकार्ड आलं. तीस वर्षं हॅलिफॅक्सात बस चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ. मजकूर एवढाच: 'कथा आवडली. बीकन हिल गावाच्या पूर्वेला आहे. बाई पहाटे उठल्या असाव्यात.'

कथेतलं बाकी सगळं त्यांना पटलं होतं. पण त्या एका डोंगराने माझ्या तीनशे खोल्या पाण्यात घातल्या. खऱ्या गावाचं नाव घेतलं की त्या गावाचं देणं लागतं, आणि ते दिशेत, चढ-उतारात, सालात चुकवावं लागतं. साल तर फार फसवतं. धुराच्या काळात त्या भागातला घरांचा दगड काजळीने काळाठिक्कर पडला होता. पुढे कित्येक इमारती घासूनपुसून घेतल्या आणि आतून मधासारखा पिवळट दगड निघाला. तुमची नायिका 2004 साली तिथं आली असेल आणि तुम्ही नगरभवन काळं रंगवलंत, तर ते कुठल्या तरी जुन्या फोटोवरून उतरवलंय हे जाणत्याला लगेच कळेल.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. तुम्ही विचारलंय गावाबद्दल. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडखळले: 'नवऱ्याच्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून'. मनाने रचलेलं दुकान असं गल्ल्या मोजून कोणी सांगत नाही. ते दुकान आहे. ती बाईही आहे, आणि कुणाच्या तरी घरच्या गणपतीत ती तुमच्या शेजारी बसून मोदक वळत असणार. गावाचं नाव बदललं की ती झाकली जाईल अशी तुमची आशा दिसते. तसं होत नाही.

हा प्रयोग तुमच्या डोंगरापलीकडे पावणेदोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलाय. शार्लट ब्राँटीने 1849 मध्ये 'शर्ली' छापली ती पुरुषी टोपणनावाने, ओळखीच्या मुलखातल्या गावांची नावं बदलून. बर्स्टलचं तिने ब्रायरफील्ड केलं. (त्याच उच्चाराचं खरं गाव आज तुमच्या बर्नलीला खेटून उभं आहे. मनातली नावं अशीही दगा देतात.) उपयोग काय झाला? मूळचा हॅवर्थचा, पण लिव्हरपूलला स्थायिक झालेला एक माणूस ती कादंबरी वाचतो आणि काही जागांच्या नावांवरून, लोकांच्या बोलीवरून ओळखतो, की हे आपल्या गावच्या पाद्र्याच्या मुलीचं काम! कादंबरीत थट्टा केलेल्या तिघा तरुण पाद्र्यांनाही आपण कोण ते कळलं. त्यांनी राग धरला नाही, हे तिचं नशीब.

याच्या उलट बाजूही बघा. तिने 'जेन एअर'मध्ये मुलींना उपाशी आणि गारठ्यात ठेवणारी शाळा रंगवली आणि तिला लोवुड नाव दिलं. 1847 ची गोष्ट. जाणकारांनी कुजबूज केली, पण प्रकरण तेवढ्यावर राहिलं. दहा वर्षांनी, शार्लट गेल्यावर, एलिझाबेथ गॅस्केलबाईंनी तिचं चरित्र लिहिलं आणि त्यात कोवन ब्रिज हे त्या शाळेचं खरं नाव घातलं. मग मात्र संस्थापकाच्या बाजूने कोर्टाची भाषा सुरू झाली. दुसऱ्या एका प्रकरणात तर बाईंना वर्तमानपत्रातून जाहीर माघार घ्यावी लागली, आणि त्याच वर्षी पुस्तकाची सुधारलेली तिसरी आवृत्ती काढावी लागली. म्हणजे खोट्या नावाने माणूस झाकला जात नाही, फक्त सगळ्यांना न ओळखल्यासारखं करता येतं. ही सोयही थोडीथोडकी नव्हे. पण तिला पडदा समजू नका.

आणि अगदी मनाने रचलेलं नावही अंगाशी येऊ शकतं. मँचेस्टरच्या एका वृत्तपत्र कंपनीने गमतीच्या लेखात आर्टेमस जोन्स नावाचा माणूस कल्पिला. असं विचित्र नाव कुणाचं असणार, अशी त्यांची समजूत. त्याच नावाचा एक बॅरिस्टर निघाला, त्याने अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि 1910 च्या सुमारास तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं तिथलं शेवटचं कोर्ट) जाऊन जिंकला. भरपाई 1,750 पौंड, त्या काळात! कायदा नंतर मवाळ झालाय, घाबरू नका. डॉक्टरचं आडनाव ठरवताना मात्र तिथल्या दवाखान्यांच्या पाट्यांवरून एकदा नजर फिरवा.

तेव्हा गावाचं नंतर बघू, आधी माणूस बदला. डॉक्टरांचा दंतवैद्य करून भागणार नाही. तुम्हाला त्या बाईची नेमकी कोणती गोष्ट सोडवत नाही ते शोधा. माझा अंदाज, ती गाव सोडून गेली नाही ही. बहुतेक जणी अशा वेळी दूर जातात. ही दोन गल्ल्या सोडून राहिली, आणि रोज दुकान उघडताना नवऱ्याचे पेशंट तिच्या दारावरून जातात. तेवढं ठेवा. बाकी स्वभाव, वय, मुलं, माहेर, शिवणकाम, सगळं दुसऱ्या कुणाचं घ्या, थोडं स्वतःचं घाला. आणि छापायला देण्याआधी तिच्याकडे जा. फोनवर नको, मेसेज तर नकोच. दुकान बंद व्हायच्या वेळी जा, ती पानं तिला वाचून दाखवा आणि ती जे म्हणेल ते ऐका. नको म्हणाली तर तुमची दोन वर्षं फुकट जात नाहीत, एक पात्र नव्याने घडवावं लागतं इतकंच.

लपवाछपवीचं ओझं असं उतरवलं की नावाचा प्रश्न बराच हलका होतो. माझा कौल मनातल्या गावाला आहे. पण कोणत्या जातीच्या मनातल्या गावाला, ते जरा फोड करून सांगते.

1854 साली एकाच साप्ताहिकात, पाठोपाठ, उत्तरेकडची दोन खोटी गावं छापून आली. साप्ताहिक चार्ल्स डिकन्सचं. पहिलं गाव त्याचं स्वतःचं, 'हार्ड टाइम्स'मधलं कोकटाउन. त्यासाठी तो जानेवारीत प्रेस्टनला जाऊन आला होता, तिथं तेव्हा गिरण्या महिनोन्महिने बंद पडल्या होत्या. ती कादंबरी संपल्यावर गॅस्केलबाईंची 'नॉर्थ अँड साउथ' सुरू झाली, तिच्यातलं मिल्टन म्हणजे उघड उघड मँचेस्टर. बाई 1832 मध्ये लग्न होऊन मँचेस्टरात आल्या त्या तिथंच राहिल्या. दोन्ही गावांत धूर आहे, चिमण्या आहेत, मालक-मजूर आहेत. पण कोकटाउनमध्ये मला कुणाचं घर सापडत नाही. नावातच दगडी कोळसा, सगळे रस्ते एकसारखे, सगळी माणसं एकसारखी. लेखकाला तेच म्हणायचं होतं हे कबूल, तरी मला तो गावाच्या वेषातला निबंध वाटतो. डिकन्सभक्तांनी पत्रं पाठवायला हरकत नाही, उत्तर देईन.

मिल्टनमध्ये मात्र एक प्रसंग आहे, तो तुम्ही मागवाल्याची मुलगी म्हणून वाचाच. कापूस पिंजायच्या खात्यात काम करून छाती खराब झालेली बेसी नावाची पोरगी सांगते, की काही गिरण्यांत हवेतले कापसाचे बारीक तंतू ओढून घ्यायला मोठं चाक बसवतात. पण चाकाला पाच-सहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा काही नाही, म्हणून थोडेच मालक ते बसवतात. इथपर्यंत कोणालाही सुचेल. पुढे ती म्हणते, काही कामगारांनाच ते चाक नको असतं, कारण तंतू गिळायची सवय झालेली, ते पोटात जायचे बंद झाले की भूक जास्त लागते. हे प्रेस्टनला एकदा जाऊन येणाऱ्याला मिळत नाही. आणि या एका तपशिलावर मिल्टन हे न-असलेलं गाव पक्क्या पायावर उभं राहतं. इचलकरंजीच्या शेडमध्ये असलं काय काय तुमच्या कानांवर पडलं असेल, ते आठवा.

नावं पाडायच्या तऱ्हा गमतीच्या असतात. जे. बी. प्रीस्टली ब्रॅडफर्डचा. त्याने ब्रॅडफर्ड आणि हडर्सफील्ड एकत्र मळून ब्रडर्सफर्ड केलं, जसं आपण सांगली-कोल्हापूरचं 'सांगापूर' करू. टीव्हीवर 1960 पासून आजतागायत चालू असलेल्या 'कोरोनेशन स्ट्रीट'चं वेदरफील्ड हे सॅल्फर्डवरून बेतलेलं, पण तिथली माणसं कामाला-खरेदीला जातात ती खऱ्या मँचेस्टरला. आणि माझी सगळ्यात लाडकी तऱ्हा विनिफ्रेड हॉल्टबीची. यॉर्कशायरचे पूर्वापार तीन भाग, नॉर्थ, ईस्ट आणि वेस्ट रायडिंग. 'रायडिंग' या जुन्या शब्दाचा अर्थच मुळी 'तिसरा हिस्सा', म्हणजे चौथा असूच शकत नाही. हॉल्टबीने कादंबरीला नाव दिलं 'साउथ रायडिंग'! जाणत्या वाचकाला मुखपृष्ठावरच कळतं, की हा मुलूख नाही, आणि तरी तो इथलाच आहे. एवढं करूनही तिची आई धास्तावली. आई ईस्ट रायडिंगच्या जिल्हा कौन्सिलवर होती आणि कादंबरी कौन्सिलच्याच कारभारावर. हॉल्टबी 1935 मध्ये वारली, पुस्तक पुढच्या वर्षी आलं आणि आईने कौन्सिल सोडलं. लेखकांच्या घरच्यांचे हाल कोणी लिहीत नाही.

तर तुमचं गाव खोटं असू दे, पण त्याचे शेजारी खरे ठेवा. बर्नली खरी, टॉडमॉर्डन खरं, मधला डोंगर खरा, पाऊस तर खराच. जागाही सुचवते. बर्नलीहून टॉडमॉर्डनला जाताना क्लिव्हिजरची खिंड लागते. तिच्या आसपास दोन नद्या उगम पावतात आणि दोघींचं नाव कॅल्डर. एक पश्चिमेला लँकेशायरात उतरते, दुसरी पूर्वेला यॉर्कशायरात. एकीचं पाणी आयरिश समुद्राला, दुसरीचं उत्तर समुद्राला. घर सोडून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या बाईच्या कादंबरीला याहून चांगली जागा मला तरी सापडली नसती. तिथं रेल्वे आहे, चढ आहे, ओढे आहेत. जुनी गिरणी बसवायला पाणी आणि कोळसा दोन्ही जवळ. कादंबरीत फक्त एक जादा स्टेशन घाला.

नाव पाडताना त्या खोऱ्याची रीत पाळा. तिकडे गावांच्या शेवटी 'डेन' येतं ते दरीमुळे, 'शॉ' लहान रानामुळे, 'रॉइड' झाडं तोडून मोकळ्या केलेल्या जागेमुळे, 'क्लफ' म्हणजे ओढ्याची अरुंद घळ. आपल्या वाडी-खुर्द-बुद्रुकसारखंच. 'बी' संपणारं गाव, व्हिटबी-सेल्बीसारखं, नॉर्स लोकांच्या वस्तीचं, ते या खिंडीत शोभणार नाही. नाव ठरलं की नकाशात शोधा. त्याच नावाची चार घरांची वाडी निघाली तर बदला. आणि नाव फार अर्थपूर्ण करू नका. खरी नावं अपघाताने पडतात. तुमच्या शेजारचं नेल्सन घ्या. तिथं मुळात मार्सडेन नावाच्या वस्त्या होत्या. त्यांच्यात लॉर्ड नेल्सनच्या नावाची खाणावळ होती, रेल्वे आली तेव्हा स्टेशनला त्या खाणावळीचं नाव मिळालं आणि पुढे वाढलेलं आख्खं शहर त्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. दारूच्या गुत्त्यावरून पडलेलं नाव, आणि त्याच गावात 1981 साली आपला कपिल देव क्लबकडून खेळायला होता! असलं काही कादंबरीत घातलं तर समीक्षक म्हणतील, अति झालं.

खरे शेजारी ठेवले की त्यांचा इतिहासही उसना मिळतो. 26 सप्टेंबर 1931 ला गांधीजी डार्वेनला होते. स्वदेशीने ज्यांचं काम गेलं त्या गिरणी कामगार बायकांनी त्यांना हसत घेराव घातलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. तुमच्या गावात गांधीजींना आणता येणार नाही, पण शेजारची म्हातारी सांगू शकते की 'त्या फोटोत डावीकडे माझी आजी आहे', आणि ती खरं बोलतेय की नाही हे नायिकेला कधीच कळत नाही. तसंच टॉडमॉर्डनचं नगरभवन. 1875 साली ते उघडलं तेव्हा लँकेशायर आणि यॉर्कशायरची हद्द त्या इमारतीखालून जात होती, आणि दर्शनी भागावरच्या शिल्पात एका बाजूला कापूस आहे, दुसऱ्या बाजूला लोकर. 1888 मध्ये हद्द सरकवली, शिल्प तसंच राहिलं. पत्ता यॉर्कशायरचा आणि पोस्टाचा पिनकोड ओल्डहॅमचा, असा घोळ अजून आहे. नायिकेला तिथं घटस्फोटाच्या कागदांवर पत्ता लिहायला लावा.

बोलीकडे लक्ष द्या, कारण गाव सगळ्यात आधी तोंडातून उघडं पडतं. साध्या गोल पावाला काय म्हणतात यावरून तिकडे माणसाचं गाव ओळखतात. मँचेस्टर-बोल्टनकडे 'बार्म', ओल्डहॅमकडे 'मफिन', डोंगर ओलांडला की 'टीकेक', शेफील्डला 'ब्रेडकेक', न्यूकॅसलला 'स्टॉटी'. हडर्सफील्डला पहिल्याच आठवड्यात मी बेकरीत 'बन' मागितला, तर काउंटरवरच्या बाईने गोड केक पुढे केला. मी बोट दाखवून 'तो' म्हटलं. 'अगं मग टीकेक म्हण ना, लव्ह!' मागची सगळी रांग हसली. मराठीत लिहिताना ही सगळी नावं ओतू नका, एकच घ्या, तुमच्या खिंडीतलं, आणि पुस्तकभर तेच वापरा.

आणि एक दिवस हार्ल साइकच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये जाऊन या, तुमच्या बर्नलीतच आहे. 1894 ची विणकाम गिरणी, आता संग्रहालय. ठरावीक दिवशी माग चालवून दाखवतात. शेडमध्ये तीनशेच्या वर माग आहेत. ती गिरणी 1982 मध्ये बंद झाली, म्हणजे मुंबईत जानेवारीत गिरणी संप सुरू झाला त्याच वर्षी. आपल्याकडचा साधा यंत्रमाग त्याच घराण्यातला, तेव्हा आवाज तुम्हाला पायातूनच ओळखू येईल. त्या आवाजात बोलणं अशक्य, म्हणून तिथल्या विणकर बायका ओठ मोठे मोठे हलवून एकमेकींशी बोलायच्या. त्याला त्या 'मी-मॉइंग' म्हणत. ही सवय त्यांना घरी, दुकानात, चर्चच्या दारातही सुटायची नाही, आणि रस्त्यापलीकडच्या दोघींचं बोलणं ओठांवरून वाचता यायचं. मराठी कुटुंबांतली कुजबूज आणि समोर राहणारी, आयुष्य मागावर काढलेली, ओठ वाचणारी म्हातारी: बघा, जमतंय का. तुमच्या वडिलांच्या शेडमध्ये कामगार काय करायचे? खुणा करायचे की ओरडायचे? ते पत्रात आलं नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यावर हसताय, पण तुमचं उत्तर मला त्यांच्याकडेच दिसतंय. नदीम अस्लम हा हडर्सफील्डला वाढलेला पाकिस्तानी घरातला लेखक. त्याच्या 2004 च्या कादंबरीत उत्तर इंग्लंडमधलं एक गाव आहे, आणि त्याचं इंग्रजी नाव तो सांगतच नाही. तिथं येऊन राहिलेल्यांनी त्याला आपलं नाव दिलंय, दश्त-ए-तनहाई, एकटेपणाचं वाळवंट. रस्त्यांनाही आपली नावं दिलीत. पोस्टमनला त्यांचा उपयोग नाही, राहणाऱ्यांना मात्र तीच खरी. ही तऱ्हा उचलू नका, ती त्याची आहे आणि उर्दूची आहे. पण तुमची कादंबरी मराठीत आहे, आणि मराठीत विचार करणारी माणसं त्या चढाला, त्या बोळाला, त्या बंद गिरणीला आपापसांत जे म्हणतात ते मराठीच असणार. गावाचं पाटीवरचं नाव खिंडीच्या रीतीने पाडा, ते पत्त्यावर आणि स्टेशनवर येऊ द्या. घरात, फोनवर, मनात मात्र सासूबाईंची नावं चालू द्या. मग पुठ्ठ्याची भीती राहणार नाही, कारण ती नावं वाकलेल्या गुडघ्यांनी चालून पाडलेली आहेत.

तुम्ही पत्रात त्यांतलं एकही लिहिलं नाहीत, याचा मला खरा राग आलाय. त्यांना फोन करा. दवाखान्याच्या गल्लीला त्या काय म्हणायच्या, कालव्याला काय, आणि त्या शिवणाच्या दुकानाला काय, ते विचारून मला कळवा.